अडलेल्याचं मत

दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर हा सहकार सप्ताह. जालन्यात काय, अंबडला काय, त्या आठवड्यात सप्तरंगी झेंडा लागतो, उपनिबंधक कार्यालयाचं परिपत्रक येतं, सोसायटीचे चेअरमन आणि सचिव पुढच्या खुर्च्यांवर बसतात आणि एखादा वक्ता हमखास सांगतो की सहकार ही लोकशाहीची शाळा आहे. टाळ्या पडतात, चहा येतो. हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की ते खरं आहे का, असं कुणी विचारत नाही. मला वाटतं, ते खरं असू शकतं, पण एका अटीवर, आणि ती अट भाषणात येत नाही. तीच इथे सावकाश उलगडून बघायची आहे. रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. निरूपणाला वेळ देण्याची सवय या मुलखाला जुनी आहे, तेव्हा वाचकही थोडा धीर धरील असं गृहीत धरतो.

सुरुवात एका नियमापासून करू. एक सभासद, एक मत. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जड. सहकारी संस्थेत शंभर शेअर घेतलेला बागायतदार आणि एकच शेअर घेतलेला दोन एकरवाला, दोघांचं मत सारखं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यातल्या कलम २७ चा गाभा हाच. पैशाच्या व्यवहारात पैशाला मत नाही, ही तशी फार धाडसाची गोष्ट आहे. आपण ती इतकी ऐकलीय की तिचं धाडस आता जाणवत नाही.

हा नियम रूढ झाला तो इंग्लंडातल्या रॉचडेल गावातून. १८४४ मध्ये तिथल्या विणकरांनी आणि कारागिरांनी मिळून एक दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं धान्य असा मोजका माल. त्या माणसांतल्या बहुतेकांना पार्लमेंटच्या निवडणुकीत मत नव्हतं. कामगारांपर्यंत ते मत पोचायला १८६७ आणि १८८४ चे कायदे यावे लागले. म्हणजे देशाच्या कारभारात ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांनी आपल्या किराणा दुकानात आधी मत मिळवलं. तिथे सहकार खरोखरच शाळा होता. दुकानाचा हिशेब मांडता मांडता माणसं सभा चालवायला शिकली आणि मग देशाकडे वळली.

आपल्याकडे क्रम उलटा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जालना निजामाच्या राज्यात होतं. सहकारी पतसंस्थांचा कायदा हैदराबाद संस्थानातही पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला होता, पण तो सरकारने वरून दिलेला. नंतर राज्यघटना आली आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुळाने, सालगड्याने, त्यांच्या बायकांनी मत दिलं. सोसायट्या, बाजार समित्या, कारखाने यांचं जाळं मराठवाड्यात विणलं गेलं ते त्यानंतरच्या दशकांत, आणि विणणारे बहुतेक जण निवडून आलेले पुढारी होते. तिकडे नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा करून कारखाना उभा केला, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ अध्यक्ष म्हणून बसवला आणि १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम घेतला, तेव्हा त्यांच्या पाठीशी सोसायटी चालवण्याचा सुमारे अडीच दशकांचा सराव होता. जालन्याकडे तो नव्हता. इथे शाळेत जायच्या आधीच परीक्षा झाली होती, आणि परीक्षेत पास झालेल्यांनीच मग शाळा बांधली. पुढचं बरंचसं यातून समजतं.

डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात आपण एक माणूस, एक मत मान्य करतोय, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच ठेवतोय. ही विसंगती फार काळ टिकणार नाही. या विसंगतीवर सहकार हा तोडगा वाटावा, असंच त्याचं रूप आहे. मताची समानता थेट कर्जाच्या, खताच्या, उसाच्या व्यवहारात आणायची. मग घोडं पेंड खातं कुठे?

ते बघायला गावातली विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी घेऊ. तेरा संचालक: आठ सर्वसाधारण, दोन महिला, एक अनुसूचित जाती-जमाती, एक इतर मागास, एक भटके-विमुक्त. कागदावर याहून नेटकी लोकशाही शोधून सापडायची नाही. पाच वर्षांनी निवडणूक, ती घ्यायला राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण, चिन्हं, मतपत्रिका, पेटी, सगळं रीतसर.

आता त्याच सोसायटीतला मार्च महिना बघा. पीककर्ज वेळेत फेडलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. कापसाचे पैसे तोवर संपलेले असतात. मग नवं-जुनं करायचं. म्हणजे कुणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं, नवं उचलायचं आणि त्यातून उसने परत करायचे. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही. दुष्काळी तालुक्यातला शेतकरी तग धरतो तो असाच. पण त्या चार दिवसांत गटसचिवाने कागद पुढे सरकवला पाहिजे, चेअरमनने सही केली पाहिजे, जिल्हा बँकेच्या शाखेत पैसे वेळेत पडले पाहिजेत. एक सही दोन दिवस उशिरा झाली की माणूस थकबाकीदार. आणि थकबाकीदार झाला की कायद्याने त्याचा सोसायटीतला मतदानाचा हक्कच जातो. म्हणजे त्याचं कर्ज ज्याच्या हातात, त्याचं मतही काही अंशी त्याच्याच हातात.

हे सगळं होऊन तो मतपेटीपाशी जातो. मतपत्रिका गुप्त असते हे खरं. पण दोन-तीनशे मतांच्या गावात, पॅनल पडलेलं असताना, कोण कुणाच्या चहाला बसलं यावरून मतमोजणी आदल्या रात्रीच झालेली असते. चूक कुणाची, हा मुद्दा इथे नाही. ज्याच्याकडे माझं काम अडलंय त्यालाच मला मत द्यायचं असेल, तर ते मत गुप्त राहूनही मोकळं राहत नाही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणतात. लोकशाहीने त्या हरीला एक मत दिलं, पण त्याची अडचण तिच्या हिशेबात आली नाही.

मला सांगायचं आहे ते थोडक्यात असं. लोकशाही गृहीत धरते की मतदार ज्याला निवडतो त्याच्यावर तो अवलंबून नाही, निदान रोजच्या पोटापाण्यासाठी तरी नाही. सहकार माणसांना एकमेकांवर अवलंबून राहायला लावतो, तोच त्याचा हेतू. दोन्ही एका जागी आणले की ओढाताण होणारच. आमदाराला मत न देता माझं बऱ्यापैकी चालू शकतं. सोसायटीच्या चेअरमनला मत न देता मार्च महिना कसा निघेल, ते सांगता येत नाही.

याची वरची पायरीही बघून घेऊ, पण तिथे फार रेंगाळायला नको. सोसायटीचे संचालक बाजार समितीचे मतदार असतात. जिल्हा बँकेसाठी सोसायटी एका माणसाच्या नावाने ठराव करते आणि तो मतदार होतो. जसं वर जावं तशी मतदारयादी आखूड होते आणि यादी जितकी आखूड तितका एकेका मताचा भाव चढा. मतदार सहलीला गेले, अशी बातमी वर्तमानपत्रात छापून येते आणि वाचणाऱ्याला सहल कुठली हे विचारावं लागत नाही. खाली अडलेला माणूस, वर जपलेला मतदार. शिडी एकच.

आता ऊस. हा विषय जालन्यात जिल्हाभर सारखा नाही. भोकरदन, जाफ्राबाद हे वरचे तालुके कोरडे, कापूस-मका-सोयाबीनचे. अंबड, घनसावंगी, परतूर या खालच्या पट्ट्यातून जायकवाडीचा पैठण डावा कालवा जातो आणि गोदाकाठही तिथेच. कालवा आला तसा ऊस आला आणि ऊस आला तसे कारखाने. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना अंकुशराव टोप्यांनी उभा केला आणि पुढे तीर्थपुरीला त्याचं दुसरं युनिट सागर नावाने झालं. या पट्ट्यातली शाळा, रस्ता, पतसंस्था, सत्तेची घडी, सगळं कारखान्याभोवती वाढलं. हे नाकारण्यात अर्थ नाही. कोरड्या मुलखात एखादी संस्था हजारो घरांना दर हंगामात पैसे देते, ही लहान गोष्ट नव्हे. पुढे जे म्हणतोय ते एखाद्या विशिष्ट कारखान्याबद्दल नाही, सगळ्याच उसाच्या व्यवहाराबद्दल आहे.

कारखान्याच्या चेअरमनच्या हातात नेमकी कसली सत्ता असते? लोक म्हणतात भावाची. तसं नाही. किमान भाव, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं आणि ऊस गेल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. तो किती पाळला जातो हा भाग निराळा. कारखान्याच्या हातात असते ती तारीख. ऊस बारा-चौदा महिन्यांत पक्का होतो. वेळेत तुटला तर वजन भरतं, रान मोकळं होतं, गहू-हरभरा घेता येतो. लांबला तर तुरा येतो, ऊस पोकळ पडतो, वजन घटतं, खोडवा मागे जातो. आणि तोड कधी येणार हे ठरतं गट ऑफिसात. नोंद कुठल्या तारखेची, जात कुठली, पाळी कितवी, याचा नियम लिहिलेला असतो. पण टोळी एका शिवारातून दुसऱ्या शिवारात कधी हलते, चिटबॉय चिठ्ठी कुणाला आधी देतो, मुकादमाला कुणाचा फोन जातो, हे नियमात नसतं. तोड आली की शेतकरी वर चहापाणी देतो, वाहनवाल्याला एंट्री देतो आणि सुटलो म्हणतो. त्याला पुन्हा पुढच्या वर्षी याच गट ऑफिसात यायचं असतं. अशा माणसाने सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत उठून तोट्याचं कारण विचारावं, अशी आपली अपेक्षा असते. तो उठत नाही. व्यासपीठावरून विषय वाचला जातो, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ होतं आणि पुढचा विषय येतो. त्याला आपण अडाणी म्हणतो. तो अडाणी नाही, त्याचा पंधरा एकर ऊस उभा आहे.

२०२१-२२ च्या हंगामात हे सगळं उघडं पडलं. जायकवाडी भरलेलं, लागवड अमाप. राज्याने १,३०० लाख टनांहून जास्त ऊस गाळला, तोवरचा उच्चांक, आणि तरीही मराठवाड्यात मे महिना संपला तरी ऊस फडात उभा होता. शेवटी दूरच्या कारखान्यांना ऊस न्यायला सरकारला वाहतुकीचं अनुदान द्यावं लागलं. त्या उन्हाळ्यात सभासद आणि बिगर सभासद, दोघेही सारखेच हवालदिल झाले होते. सभासदाची नोंद आधी धरतात, एवढाच काय तो फरक. म्हणजे मताचा उपयोग कारभार हाकण्यासाठी कमी आणि रांगेत पुढे सरकण्यासाठी जास्त झाला. सभासदत्व हे हक्कापेक्षा टोकनसारखं वापरलं गेलं.

यावर एक उपाय सुचवला जातो: स्पर्धा. खाजगी कारखाने येऊ द्या, शेतकऱ्याला दुसरं दार मिळू द्या. ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घातला पाहिजे ही झोनबंदी शेतकरी संघटनेच्या आंदोलनानंतर नव्वदीच्या दशकात उठलीच होती. दुसरं दार असलं की माणूस ताठ मानेने बोलेल, असा तर्क. तर्क अर्धा बरोबर आहे. दोन कारखान्यांत पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर असावं या नियमाने दारं मोजकीच राहतात, हे एक. आणि ज्याला दुसरं दार मिळतं तो बोलायला थांबतच नाही. तो निघून जातो. त्याचा ऊस खाजगीकडे गेला की सहकारी कारखान्याचा ताळेबंद वाचायला त्याला वेळ कशाला असेल? शेअर ट्रंकेत पडून राहतो, मत यादीत पडून राहतं.

याचं टोक जालना तालुक्यातच आहे. रामनगरचा जालना सहकारी साखर कारखाना. कर्जात बुडाला, बंद पडला, राज्य सहकारी बँकेने थकलेल्या कर्जापोटी विकला. त्या बँकेचं संचालक मंडळ खुद्द रिझर्व्ह बँकेने मे २०११ मध्ये बाजूला करून प्रशासक नेमले होते. पुढे जून २०२२ मध्ये ईडीने या कारखान्याच्या जमिनी-इमारतींवर तात्पुरती टाच आणली. दोष कुणाचा हे ठरवायला चौकशा आणि न्यायालयं आहेत, त्यात मी पडत नाही. माझं कुतूहल सभासदांबद्दल आहे. कारखान्यात ज्यांचं भागभांडवल होतं, ते मालक होते. प्रत्येकाला एक मत होतं. कारखाना चालू असताना ते बोलले नाहीत, कारण ऊस अडला होता. कारखाना बंद पडल्यावर ते बोलले नाहीत, कारण आता तिथे काहीच अडलं नव्हतं. रानात कापूस आणि सोयाबीन उभं होतं. मत पूर्ण मोकळं झालं तेव्हा त्याची गरज संपली होती.

म्हणजे गाठ अशी पडते: माणूस पुरता अडलेला असला तर तोंड उघडत नाही, आणि मुळीच अडलेला नसला तर सभेला येत नाही. सहकारात लोकशाही चालते ती या दोन टोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत, जिथे माझं काम तुझ्याकडे अडलेलं असतं आणि तुझंही माझ्याकडे. दोघेही अडलेले, आणि एकमेकांकडे. वर म्हटलेली अट ती हीच. ती पट्टी दिसते का कुठे?

जालना तालुक्यातलं कडवंची गाव घेऊ. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने, विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने, १९९६ नंतरच्या काही वर्षांत इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम केलं. १,८८८ हेक्टरचं पाणलोट. माथ्यावर सलग समतल चर, खाली बांधबंदिस्ती, त्याखाली नाल्यावर बांध. या कार्यक्रमाच्या अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि ग्रामसभेने निवडलेली समिती. पैसे आधी नाहीत. आधी गावाने राबून दाखवायचं.

पाणलोटात माणसं एकमेकांकडे कशी अडतात ते बघण्यासारखं आहे. माथ्यावरच्या शेतकऱ्याने चर खणू दिले तर पाणी पायथ्याच्या विहिरीला लागतं. त्याला स्वतःला लगेच काही मिळत नाही. उलट त्याची गुरं डोंगरावर चरायची बंद होतात. आता इथे बहुमत काय कामाचं? ग्रामसभेत नव्वद हात वर झाले आणि दहा खाली राहिले, तरी त्या दहांतला एक जण रात्री गुरं सोडून चरात उगवलेलं गवत साफ करू शकतो. त्याला दंड करून भागत नाही, त्याला पटलंच पाहिजे. म्हणून अशा गावात ठराव व्हायच्या आधी बैठका लांबतात, भांडणं होतात, कुणाच्या बांधावर काम आधी घ्यायचं याची देवाणघेवाण होते. हात वर करायची वेळ येते तोवर निर्णय झालेला असतो. लोकशाहीचं हे रूप आपल्या पुस्तकांत फारसं नसतं. इथे मोजणीला कमी महत्त्व आणि मनधरणीला जास्त, कारण ज्याची मनधरणी चाललीय तोही उद्या पायथ्याच्या माणसाकडे काहीतरी मागायला येणार असतो.

(याच्याशी बिनविरोध निवडणुकीची गल्लत करू नये. बिनविरोध सोसायटीचं पेपरात कौतुक होतं. कधी ते खरं एकमत असतं. कधी उमेदवारी मागे घ्यायला लावलेल्यांची ती यादी असते. दोन्हीचा फोटो सारखाच येतो.)

कडवंचीत पाणी थांबलं, द्राक्षं आली, दुष्काळातही गाव तरलं आणि राज्यभरातून लोक बघायला येऊ लागले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची कमी सांगतात. पाणी आलं तशी शेततळी आली, प्लास्टिकचा कागद अंथरलेली. पावसाळ्यात विहिरीतून उपसून तळं भरायचं आणि उन्हाळ्यात द्राक्षाला द्यायचं. जमिनीखालचं पाणी सगळ्यांचं, तळ्यातलं एकट्याचं. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या गावातल्या शेततळ्यांचा अभ्यास केला आहे आणि त्यातला पेच हाच आहे: शेजाऱ्याने तळं केलं की आपण थांबून चालत नाही. यात एक मासलेवाईक गोष्ट अशी की राज्यात फलोत्पादनाखाली जी मोठी शेततळी झाली, त्या योजनेचं नावच सामूहिक शेततळं. कागदावर समूह, आणि समूहात अनेकदा एकाच घरातली नावं.

म्हणून कडवंची फसलं असं मी म्हणणार नाही. ते गाव आजही आसपासच्या गावांपेक्षा बरं उभं आहे. पण चर खणताना लोक एकमेकांकडे अडले होते आणि तळी भरताना नाहीत. माणसं बिघडली नाहीत, अडचणीचा आकार बदलला आणि त्याबरोबर सभाही बदलली. आता गावाने बसून विहिरीतून उपसा किती करायचा हे ठरवायचं तर पुन्हा सगळ्यांना सगळ्यांकडे अडावं लागेल, आणि ज्याचं तळं भरलेलं आहे तो कशाला अडेल?

लहान प्रमाणात हा मेळ अजून सगळ्यात चांगला साधतो तो बायकांच्या बचत गटात. दहा-बारा जणी, दर आठवड्याला बैठक, बचत, आपसात कर्ज, वेळेत फेड, दप्तर लिहिणं. उमेदच्या बायका पंचसूत्री म्हणतात ती हीच. हिशेब मोठ्याने वाचला जातो. आज अध्यक्ष असलेलीला पुढच्या महिन्यात मुलीच्या फीसाठी पाच हजार लागतात, आणि ते मंजूर करणाऱ्या समोरच बसलेल्या असतात. अडवणूक करायची तर तीही आपल्यावर उलटते. गटातही भांडणं होतात, गट फुटतात, सचिवबाई वही घरी घेऊन जाते आणि देत नाही. पण प्रश्न विचारायला जीव घाबरत नाही. सोसायटीच्या सभेत तोंड न उघडणारी बाई गटाच्या बैठकीत वीस रुपयांचा हिशेब अर्धा तास धरून बसते. बाई तीच असते. मात्र सोसायटीच्या सभेत ती मुळात असते का, हाही प्रश्नच आहे, कारण सोसायटीचं सभासदत्व सातबाऱ्यावर चालतं आणि सातबारा बहुधा नवऱ्याच्या नावावर असतो.

आता कायद्याकडे बघू. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था काढण्याचा हक्क मूलभूत हक्कांत, १९(१)(ग) मध्ये घातला आणि अनुच्छेद ४३ख मध्ये स्वेच्छेने स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन या चार गोष्टींना राज्याने उत्तेजन द्यावं असं म्हटलं. दुरुस्तीतला मोठा भाग संचालकांची संख्या एकवीसपेक्षा जास्त नको, मुदत पाच वर्षं, निवडणुका वेळेवर, लेखापरीक्षण वेळेवर, असा होता. राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ रोजी रद्द केला, कारण निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. संघराज्याच्या दृष्टीने निकाल योग्यच वाटतो. पण हा कायदा असो, महाराष्ट्राचा असो, सगळ्यांचं लक्ष निवडणुकीवर आहे. मतदान स्वच्छ झालं की सहकार स्वच्छ झाला, अशी समजूत. आपण वर बघितलं ते सगळं मतदानाच्या आधी आणि नंतर घडतं.

अडचण सैल करणाऱ्या गोष्टी दिसायला क्षुल्लक असतात. तोडीचं पाळीपत्रक गट ऑफिसबाहेर भिंतीवर लागलं, नोंदीच्या तारखेसह, की चेअरमनकडून एक कृपा कमी होते. उसाचं वजन कारखान्याबाहेरच्या कुठल्याही काट्यावर करून आणायची मुभा खरोखर मिळाली की दुसरी कमी होते. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३,००० सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना हाती घेतली. तिचा उपयोग सचिवाची वही स्क्रीनवर आणण्यापुरता झाला तर सचिवाच्या जागी ऑपरेटर बसेल, एवढंच. शेतकऱ्याला आपलं कर्ज खातं, आपली देय तारीख, आपला कागद कुठल्या टेबलावर आहे हे फोनवर दिसलं, तर मार्चमधले ते चार दिवस कुणाच्या मेहेरबानीवर राहणार नाहीत. कलम ३२ प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि आपल्या व्यवहाराची नोंद बघायचा हक्क आजही आहे. तो मागायला गेलं तर ‘तुमचं काय अडलंय?’ असं विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. ज्याचं काही अडलंय तोच विचारत नसतो.

एक बाजू अजून राहिली. आतापर्यंत सभासदाबद्दल बोललो. उसाच्या व्यवहारात सगळ्यात जास्त अडलेला माणूस सभासद नसतोच. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हलतात, बीडमधून सर्वांत जास्त आणि जालन्याच्या तालुक्यांतूनही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, हंगाम संपेपर्यंत ती फिटेल किंवा फिटणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोन माणसं, हिशेब एक, तोही नवऱ्याच्या नावावर. तोडीच्या ज्या तारखेवर चेअरमनची सत्ता उभी आहे, ती तारीख या दोघांच्या हातांनी प्रत्यक्षात येते. लोकसभा-विधानसभेला यांची मतं मोलाची ठरतात. मतदान हंगामात आलं तर उमेदवार गाड्या लावून यांना गावी आणतात. कारखान्यात मात्र यांना मत नाही, कारण यांच्या नावावर ऊस नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या कल्याण महामंडळासाठी आता कारखान्याकडून टनामागे रक्कम घ्यायचं ठरलं आहे. त्या पैशाचं काय करायचं हे ठरवणाऱ्या टेबलावर कोयत्याची जागा किती असावी, हा प्रश्न जालन्यातल्या एखाद्या सहकारी कारखान्याने आपल्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर घ्यायला हरकत नाही. पोटनियम बदलून कामगार सभासदांचा एक वर्ग करता येईल का, हे आधी निबंधकांना विचारावं लागेल. सभा सप्टेंबरात असते आणि टोळ्या तेव्हा अजून गावातच असतात.